तेरा किलो दिवाळी

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतील तमाम नागरिकांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या माहेरच्या माळ्यावर गेली पंचेचाळीस वर्षे मुक्काम ठोकून असलेल्या सणासुदीच्या समस्त सामानास, म्हणजे कंदील, तोरणे, मखरे, दिव्यांच्या माळा, मातीचे बैल व तत्सम मंडळींस, जागेअभावी निवृत्त करण्याचा ठराव एकमताने मंजूर झालेला आहे. ते एक मत माझे होते.

हे निवेदन मी धुळ्याच्या घराच्या ओट्यावर उभी राहून, हातात केरसुणी राजदंडासारखी धरून, खणखणीत आवाजात वाचलं. श्रोते दोनच. एक माझे वडील, ज्यांना मी आणि अख्खी गल्ली नाना म्हणतो. दुसरे माझे यजमान, ज्यांना मी 'अहो' म्हणते आणि ज्यांनी निवेदनाच्या मध्यावरच चहाचा कप शोधायला सुरुवात केली होती.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झालं तुझं? आता शिडी धर."

प्रकरण खरं तर हसण्यासारखं नव्हतं. आदल्या दिवाळीत नाना एकटेच आकाशकंदील टांगायला स्टुलावर चढले आणि खाली आले, पण पायऱ्यांचा क्रम सोडून. अर्धा तास ओट्यावर पडून होते. मला फोनवर सांगितलं, "स्टूल घसरलं." जसं काही स्टूल एकटंच फिरायला निघालं होतं. आईला जाऊन सात वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि मी रोज संध्याकाळी जळगावहून फोन करून "नाना, या ना आमच्याकडे" एवढंच म्हणत होते. वर्षभर नकार देऊन शेवटी त्यांनी अट घातली.

"माळ्यावरचं सामान आधी जाईल. मग मी."

आमचा जळगावचा फ्लॅट मेहरूणला, दुसऱ्या मजल्यावर. त्यात माळा म्हणजे न्हाणीघरावरची एक खोबण. तिथे आधीच गाद्या, बंद पडलेला कूलर आणि यजमानांचं कॉलेजातलं कॅरम दाटीवाटीनं राहत होतं. टेप लावून मोजलं तर जागा एका खोक्याची निघाली. बरोबर एका.

"मग एकच खोकं," नाना म्हणाले. "पण आत काय घालायचं ते मी ठरवणार. आणि दिवाळीपर्यंत राहून बघतो. जमलं तर या घरात भाडेकरू घालू. नाही जमलं तर मी माझा परत." असं म्हणून त्यांनी घराची किल्ली सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. त्या बटणाचा मला फार राग आला.

नाना आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचे. त्यामुळे आमच्या घरी कुठलंही काम म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा असे. पितृपक्ष चालू होता. नवं काही आणायचं नाही, पण जुनं काढायला कुणाची हरकत नव्हती. ओट्यावर सतरंजी अंथरली, नानांनी कानावर लाल पेन्सिल अडकवली आणि सतरंजीचे तीन भाग पाडले. पास, नापास आणि एटीकेटी.

पहिला उमेदवार थर्माकोलचं गणपतीचं मखर. त्याच्या कळसात उंदराचं अख्खं कुटुंब पिढ्यान्पिढ्या नांदून गेलेलं दिसत होतं. नापास. दिव्यांच्या माळा एकूण नऊ होत्या की अकरा, हे कुणालाच सांगता येईना, कारण त्यांनी एकमेकींना अशी मिठी मारली होती की सोडवणं पाप वाटावं. यजमान म्हणाले, "मी सोडवतो." पाऊण तासानं ते स्वतःच आत गुंतलेले सापडले. नापास. (माळा. यजमानांना एटीकेटी.) मग पोळ्याचे मातीचे बैल. बैल आठ, शिंगं मिळून अकरा. नानांनी एकेक उचलून शेपटीपासून नाकापर्यंत तपासला आणि दोनच ठेवले. एक ढवळा, एक काळा.

"काळ्याला एकच शिंग आहे, नाना," मी म्हटलं.

"त्याला तुझ्या आईनं रंगवलंय," ते म्हणाले, आणि काळा पासात गेला.

मी फार कठोरपणे वागायचं ठरवून आले होते. दोन वर्षांत वापरलं नाही ते बाद, दिवा लागत नाही ते बाद, असे नियम मी गाडीत बसल्या बसल्या पाठ केले होते. प्रत्यक्षात काय झालं ते सांगायला लाज वाटते, म्हणून सांगतेच. दुपारपर्यंत माझ्या पर्समध्ये नापासांच्या ढिगातली दोन कागदी फुलं, एक फुटका पणतीचा जोड आणि रांगोळीचा गंजलेला छाप जमा झाला होता. पर्स बंद होईना. नानांनी चष्म्यावरून पाहिलं. "परीक्षेत कॉपी चाललीय का, माय?" सगळं काढून ठेवावं लागलं. खान्देशात बाप मुलीला 'माय' म्हणतो तेव्हा प्रेम असतं, पण कधी कधी आवाजात पट्टीही असते.

मग तुरीच्या डाळीचा पत्र्याचा डबा आला. मी ओळखला आणि जरा मागे सरकले.

आत डांबराच्या गोळ्यांच्या वासात आईचं काचमण्यांचं तोरण होतं. हिरवे पोपट, लाल चोची, मध्ये कमळ, खाली पांढऱ्या नळ्यांच्या लडी. आईनं ते एका उन्हाळ्यात, दुपारी पंख्याखाली बसून, ओवलं होतं. डावीकडून तिसऱ्या पोपटाला डोळा नाही. मी सात वर्षांची असताना तो डोळा माझ्या बाहुलीच्या नाकात चमकी म्हणून गेला. घरात चौकशी बसली तेव्हा मी शेजारच्या मांजरीचं नाव घेतलं. मांजर मुकं जनावर, तिनं अपील केलं नाही. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी तोच जबाब कायम ठेवला होता.

नानांनी तोरण उजेडात धरलं. आंधळ्या पोपटावर बोट ठेवलं. "मांजरीनं खाल्ला होता हा. आठवतं ना?"

"हो," मी म्हटलं.

"बाहुली होती ती मांजर," ते म्हणाले. "तुझ्या आईला दुसऱ्याच दिवशी सापडली होती. नाकात हिरा घालून ऐटीत बसलेली. आई म्हणाली, राहू दे, छान दिसतेय."

यजमान इतके हसले की त्यांना ठसका लागला. तोरण पासात गेलं. मी मात्र काही वेळ मोरीत जाऊन उगाच हात धुतले.

शेवटी कंदील. नाना दर दिवाळीला नवा कंदील करत आणि जुन्याचा कागद फाडून सांगाडा जपून ठेवत. बांबूच्या कामट्यांचे चाळीसएक सांगाडे माळ्यावरून उतरले. चांदण्या, षटकोन, विमान, एक मासा. गल्लीतली मंडळी जमा झाली. नानांनी एकेक सांगाडा उचलून ज्याला हवा त्याला दिला, आणि प्रत्येकाला एकच गोष्ट बजावली: "खळीनं चिकटवा. चिकटपट्टी लावाल तर परत घेईन. चिकटपट्टी म्हणजे आळशी माणसाची खळ." समोरच्या अक्का मासा घेऊन गेल्या. त्यांनी तो भर दुपारी दारात टांगूनही टाकला. मला वाटलं होतं नानांचा जीव तुटेल. पण प्रत्येक सांगाडा गेला की ते जरा ताठ होत होते. वाटायला मिळालं की त्यांना टाकल्यासारखं वाटत नव्हतं.

एकच ठेवला. घडीचा. माझ्या लग्नाच्या वर्षी त्यांनी तो केला होता. कामट्यांचे सांधे दोऱ्यानं असे बांधलेले की छत्रीसारखा उघडतो, आणि मिटला की जेवणाच्या ताटाएवढा चपटा. वर टांगायची कडी, खाली झिरमिळ्यांची कडी. झिरमिळ्या वेगळ्या, कागदात गुंडाळलेल्या. कोपऱ्यांवरच्या कागदी करंज्यांना सोनेरी कागद. "हा मावेल," ते म्हणाले. बाकी काही नाही.

आता खोक्याची गोष्ट.

यजमान फैजपूरचे. त्यांच्या घरी केळीची बाग, आता धाकटे दीर बघतात. ज्या घराला केळीचं गाव सासर म्हणून लाभलं, त्या घरात कपाटं लागत नाहीत. स्वेटर, पुस्तकं, पाहुण्यांच्या चादरी, मुलांच्या जुन्या वह्या, सगळं आमच्याकडे केळीच्या खोक्यात राहतं. जाड पुठ्ठा, हवा जायला बाजूंना गोल भोकं, आत प्लास्टिकचं अस्तर. झुरळालाही आत घर केल्यासारखं वाटावं असं मजबूत. तसलंच एक खोकं यजमानांनी गाडीच्या डिकीतून अभिमानानं काढलं.

नानांनी ते भरलं तसं मी बँकेचं लॉकरही कुणी भरताना पाहिलं नाही. तळाला पितळी समई सुटी करून, मग पणत्या वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन बैल आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात, तोरण डब्यासकट, रांगोळीच्या डब्या, आणि सगळ्यांत वर घडीचा कंदील. झाकण बसवलं, सुतळीनं बांधलं. मग खोकं हलकेच आडवं केलं आणि तळाला, बरोबर मध्ये, लाल पेन्सिलीनं लिहिलं: सण.

"वर लिहा ना, दिसेल," मी म्हटलं.

"वरचं पुसतं. हत्यारावर नाव नेहमी तळाला लिहावं. पोरं पुसू शकत नाहीत."

तीस वर्षं आयटीआयच्या पोरांपासून पटाशी आणि रंधे वाचवलेला माणूस. कोण वाद घालणार?

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी नाना, त्यांची एक कापडी बॅग आणि ते खोकं, असे तिघे जळगावला आले. त्याच संध्याकाळी दिरांनी नवरात्राच्या उपासांसाठी फैजपूरहून केळी पाठवली. तीन खोकी, हिरवी, कडक. म्हणजे आमच्या दारात एकावर एक चार खोकी उभी राहिली, चारही सुतळीनं बांधलेली, सख्ख्या भावंडांसारखी. मी आत भगर निवडत होते. तिथूनच राजमातेच्या थाटात हुकूम सोडला.

"अहो, एक ऑफिसात न्या, एक खालच्या मजल्यावर द्या, एक स्वयंपाकघरात ठेवा आणि नानांचं वर माळ्यावर टाका."

माझे यजमान नुसत्या नजरेनं घडाचं वजन सांगतात. लग्नात त्यांच्या काकांनी या गुणाचं भाषण केलं होतं. त्यांनी चार खोकी उचलली, चार ठिकाणी ठेवली आणि हात झटकले.

नवरात्र गेलं, दसरा गेला. नाना आमच्याकडे पाहुण्यासारखे राहत होते, हेच माझं दुःख. जेवताना म्हणत, "भाजी चांगली आहे. धुळ्याचं पाणी जरा वेगळं, एवढंच." सकाळी तलावाकडे फिरून येत आणि म्हणत, "तलाव मोठा आहे," जसं काही परीक्षेत मोठ्या तलावाला कमी गुण असतात. बिल्डिंगमध्ये कुणाशी बोलत नव्हते. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की भिंतीकडे तोंड. कपाटाचा एक खण मी रिकामा करून दिला होता, तो रिकामाच राहिला. रोज सदरा त्या कापडी बॅगेतून निघे आणि धुऊन वाळून परत तिच्यातच जाई. किल्ली खिशात. बटण लावलेलं.

"दिवाळी आली की खोकं काढू," ते एवढंच म्हणत. "मग बघू."

मीही त्या खोक्यावर सगळी आशा ठेवून होते. दारावर आईचं तोरण लागलं, गॅलरीत त्यांचा कंदील लागला, की बॅग रिकामी होईल असं मला वाटत होतं.

दरम्यान घरात पिकल्या केळीचा वास येऊ लागला. जळगावात या वासाची कुणी चौकशी करत नाही. आमच्या स्वयंपाकघरात केळी होतीच. ती संपली तरी वास येत राहिला. मग चिलटं आली. त्यांचा आळ मी समोरच्या फ्लॅटच्या कचऱ्याच्या डब्यावर घेतला आणि दोन दिवस त्या बाईंशी जरा तुटक वागले. खालच्या मजल्यावरच्या मुलीवर तर मी आधीपासूनच रुसले होते. ती एका दवाखान्यात नर्स, नवरा औषधाच्या दुकानात, दोघं नुकतीच स्वतःच्या घरात राहायला आलेली. खोकंभर केळी दिली, तर आभाराचा शब्द मात्र जिन्यात ओझरता. "काकू, तुम्ही जे पाठवलंत ना..." एवढं म्हणून तिचे डोळे भरून आले आणि ती ड्यूटीला पळाली. मला वाटलं, केळ्यांवर रडणारी मुलगी जरा नाटकी दिसते. नाटकाबद्दल मी बोलावं!

वसुबारसेच्या सकाळी नाना आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून न्हाणीघरासमोर उभे राहिले. "काढा खोकं, जावईबापू."

यजमान शिडीवर चढले. माळ्याचं दार उघडलं. आत बघितलं. त्यांच्या डोक्याभोवती चिलटांचा एक छोटासा ढग जमला.

"काय झालं?" मी विचारलं.

"शिकरण," ते वरून म्हणाले.

प्लास्टिकचं अस्तर होतं म्हणून, नाहीतर ते शिकरण आमच्या डोक्यावरच यायचं. खोकं खाली आलं. नानांनी ते स्वतः तिरकं करून तळ पाहिला. तळाला काही लिहिलेलं नव्हतं.

मी त्यांचा चेहरा बघितला आणि माझे सगळे विनोद संपले. यजमान भराभर बोलत होते: वजन सारखंच लागलं हो, तेराच्या आसपास, समई होती ना आत, बैल होते. ऑफिसात फोन लावला. तिथून उत्तर आलं की केळी उत्तम होती, दुसऱ्याच दिवशी संपली, आणखी असतील तर पाठवा. म्हणजे राहिलं खालच्या मजल्यावरचं खोकं. यजमान धावत खाली गेले. कुलूप. दोघंही कामावर, संध्याकाळपर्यंत.

नाना खुर्चीवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. राग आला की ते प्रमाण मराठी सोडून थेट अहिराणीत शिरतात आणि मग घर कसं भरल्यासारखं वाटतं. पण ते अगदी शुद्ध भाषेत म्हणाले, "जाऊ दे, माय. सामानच होतं. उद्या सकाळची धुळ्याची गाडी किती वाजता आहे ते बघून ठेव."

दिवसभर मी चकल्या केल्या. एकही सरळ झाली नाही. माझ्या डोक्यात एकच हिशेब: त्या मुलीनं खोकं उघडलं असेल, आत जुनं-पानं सामान बघितलं असेल, आणि टाकून दिलं असेल. जुन्या बायका उगाच कचरा वाटतात, असं म्हणाली असेल. मग मला जिन्यातलं तिचं एक वाक्य आठवलं. नवरात्राच्या आधीच ती मला म्हणाली होती, "काकू, आमची या घरातली पहिली दिवाळी, आणि सजवायला साधी एक माळही नाही." मी तेव्हा "होईल गं सगळं" म्हणून पुढे गेले होते. आणि दोनच दिवसांनी तिच्या दारात खोकं.

तिला कचरा वाटला नव्हता. तिला ती भेट वाटली होती. म्हणून डोळे भरले होते. हे कळल्यावर मला आणखीनच घाम फुटला, कारण टाकलेलं परत मागता येतं, दिलेलं कसं मागणार?

सहाच्या सुमारास खालून कुलूप उघडल्याचा आवाज आला. काय बोलायचं ते जुळवण्यात तासभर गेला, मग मी पदर खोचला. "नाना, मी मागून आणते. तुम्ही बसा."

"मीही येतो," ते म्हणाले. किल्ली चाचपली आणि निघाले. लिफ्ट रुसलेली होती. आम्ही जिन्यानं, एकेक पायरी थांबत, खाली उतरलो. यजमान मागे, गुन्हेगारासारखे.

पहिल्या मजल्यावर पोचलो आणि नाना थांबले. दारावर आईचं तोरण लागलं होतं. पोपट रांगेत, लडी सरळ, दाराच्या रुंदीत असं बसलेलं जणू तिथलंच माप घेऊन ओवलं होतं. उंबऱ्यावर आमच्या पणत्या आणि एका पाटावर, हळदकुंकू वाहिलेले, ढवळा आणि काळा. वसुबारस होती ना. गाय नव्हती, म्हणून तिनं बैलांची पूजा केली होती.

दार उघडंच होतं. ती मुलगी बाहेर आली, अजून दवाखान्याच्या कपड्यांत. "काकू! आबा! या ना, या!" मग नानांचं लक्ष तोरणावर आहे असं बघून लाजली. "आबा, एका पोपटाला डोळा नव्हता. मी लावला. टाके घालायची सवय आहे ना हाताला. पण तसा चमकता मणी मिळाला नाही, काळा घातला. चालेल ना?"

नानांनी हात वर करून तिसऱ्या पोपटाच्या डोळ्यावर बोट ठेवलं. गाठ चाचपली. कारागीर दुसऱ्याची गाठ चाचपतो तेव्हा तो काय शोधत असतो ते मला ठाऊक आहे. "पक्की आहे," ते म्हणाले.

मी घसा साफ केला. दिवसभर पाठ केलेलं वाक्य तोंडात तयार होतं: "अगं, एक घोटाळा झालाय." नानांनी माझ्या हाताला हलकेच चिमटा काढला. लहानपणी पाहुण्यांसमोर मी नको ते बोलायला लागले की काढायचे, तसा. मी गप्प बसले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, दारावर शोभतंय तोरण. तिथंच राहू दे." एवढंच. आणि मला कळेना की हे मन मोठं करणं आहे की निरोप घेणं. सगळं देऊन टाकलेला माणूस हलका होऊन धुळ्याला परत जातो की काय?

"आबा, कंदील बघा ना," ती म्हणाली. "ह्यांनी आत्ताच लावला. कसा उघडायचा तेच कळत नव्हतं, दोन दिवस लागले."

आम्ही तिच्या मागोमाग गॅलरीत गेलो. तलावावरून वारा येत होता. तिचा नवरा स्टुलावरून नुकताच उतरून दोन पावलं मागे उभा होता, पहिल्यांदा कंदील लावलेला माणूस उभा राहतो तसा, कमरेवर हात ठेवून. त्यानं बटण दाबलं.

कंदील लागला. उलटा. झिरमिळ्यांची कडी वर करून टांगलेला, करंज्या खाली डोकं करून लोंबकळणाऱ्या, आणि झिरमिळ्यांना जागा सापडेना म्हणून त्या टांगायच्या कडीभोवती चिकटवलेल्या. कशानं? चिकटपट्टीनं. थोडीथोडकी नाही, दवाखान्यात मोडलेल्या हाताला गुंडाळतात तशी, सात-आठ वेढे, उजेडात चकाकणारी.

यजमान माझ्या मागे लपले.

नानांचे कान लाल झाले. हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. बटण निघालं. धुळ्याची किल्ली बाहेर आली आणि त्यांनी ती त्या बिचाऱ्या नवऱ्याच्या हातात ठेवली.

"ह्यानं खरवड ती पट्टी. हळू. कागद फाडू नको."

तो स्टुलावर चढला. नाना स्टुलाचे दोन पाय गुडघ्यांत घट्ट धरून खुर्चीवर बसले. मुलीला त्यांनी खळ शिजवायला आत पिटाळलं, मैद्याची, गुठळी न होऊ देता. यजमानांना वर आमच्या घरी पाठवलं, त्यांच्या कापडी बॅगेतून कात्री आणि दोऱ्याचं रीळ आणायला. "सगळी बॅगच रिकामी करा," ते ओरडले, "तळाशी असेल!" आमच्या मजल्यावरच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाई, ज्यांच्या डब्यावर मी आळ घेतला होता, काय चाललंय ते बघायला वर आपल्या गॅलरीच्या कठड्याशी आल्या. त्यांच्या हातात दुकानातून आणलेला प्लास्टिकचा कंदील होता, आणि तो त्या एका सुतळीनं कशाबशा लटकवत होत्या. तिसऱ्या मजल्यावरूनही दोन डोकी डोकावली.

नानांनी मान वर करून आधी तो प्लास्टिकचा कंदील बघितला, मग डोक्यावरचा उलटा, मग सगळ्या बिल्डिंगकडे एक नजर फिरवली, तीस वर्षं वर्गावर फिरवली तशी. आणि तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कडाडले:

"बठ्ठं उलटं शे! बठ्ठं! सगळंच! पुढच्या वर्षी मला विचारल्याशिवाय या बिल्डिंगीत एकानंही कंदील टांगायचा नाही!"